दरवर्षी काढतो, तरी पावसात घाणेरी परत का येते?

हिवाळाभर रविवारी राबून टेकडीचा उतार मोकळा करायचा, मे महिन्यात त्याच्याकडे बघून समाधान मानायचं, आणि जुलै संपायच्या आत तिथेच पुन्हा गुडघाभर घाणेरी. मुंबईत एखादी बाग, टेकडी किंवा तलावाचा काठ जपायला उतरलेल्या बहुतेक गटांची हीच तक्रार असते. आमचा गट राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाजवळच्या महापालिकेच्या एका बागेत काम करतो. बागेमागे डोंगराचा उतार आहे. त्यावर परदेशातून आलेली, देशी रोपांची जागा बळकावणारी झाडंझुडपं: घाणेरी (लँटाना), रानमोडी, सुबाभूळ, गिरीपुष्प, आणि खाली पायवाटेच्या कडेने गाजर गवत. नवीन गट आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणखी माणसं गोळा करायची का?

आधी माणसं गोळा करू नका. रोप परत कुठून येतंय ते शोधा. खोडातून फुटलेली घाणेरी, बीतून उगवलेली घाणेरी आणि पाखरांनी आणून टाकलेली घाणेरी लांबून सारखीच दिसते. पण तिघींवरचा उपाय वेगळा आहे. एकीचा उपाय दुसरीवर केला की वर्ष फुकट जातं, आणि राबलेली माणसं पुढच्या वर्षी येत नाहीत.

आधी परवानगी

बाग महापालिकेची असेल तर तुमच्या विभागाच्या उद्यान खात्याला लेखी अर्ज द्या आणि नेमकी कोणती झाडं काढणार ते त्यात लिहा. सुबाभूळ आणि गिरीपुष्प परदेशी असली तरी कायद्याच्या नजरेत झाडंच आहेत. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार ती तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कुंपणापलीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे, त्यामुळे वनविभागाने बोलावल्याशिवाय तिथल्या घाणेरीलाही हात लावायचा नाही.

परत आलेलं रोप उपटून बघा

पहिला जोराचा पाऊस होऊन दोन-तीन आठवडे झाले की उतारावर जा. परत आलेली दहा-बारा रोपं वेगवेगळ्या जागांवरून उपटा आणि हातात घेऊन नीट बघा.

रोप सहज निघालं, खाली बारीक सरळ मूळ असलं आणि तळाशी दोन छोटी बीजपत्रं अजून टिकून असली, तर ते बीतून आलंय. रोप निघतच नसेल, एकाच ठिकाणाहून चार-पाच जाड कोंब फुटलेले असतील आणि पानं पहिल्यापासून मोठी असतील, तर खाली जुना बुंधा जिवंत आहे. असे कोंब भर उन्हाळ्यात, पाऊस नसतानाही फुटतात. एप्रिलमध्ये उतार हिरवा दिसला तर संशय बुंध्यावरच घ्या.

तिसरी खूण रोपात सापडत नाही. ते उगवलंय कुठे, ते बघावं लागतं. विजेच्या तारेखाली, कुंपणाच्या कडेने, एखाद्या वडाखाली दाटीने रोपं असतील तर ती बुलबुलांची करणी. घाणेरीची काळी फळं बुलबुल आवडीने खातात आणि जिथे बसतात तिथे बी टाकतात. नवीन लावलेल्या झाडांच्या आळ्यातच गाजर गवत उगवलं असेल तर ते ट्रकमधून आलेल्या मातीबरोबर किंवा शेणखताबरोबर आलंय.

एवढं बघायला सकाळचे दोन तास पुरतात. आमच्या उतारावर वरच्या खडकाळ भागात बुंधे आणि खालच्या मातीत बी, अशी सरळ वाटणी दिसली. दोन्हीकडे एकाच पद्धतीने काम करून चालणार नव्हतं.

बुंध्यातून फुटत असेल तर

हे सगळ्यात जास्त आढळतं, कारण आपल्या हातात कोयता असतो. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागात घाणेरीच्या फुटव्याचे डोळे असतात. हा भाग मातीलगत किंवा जरासा खाली दडलेला असतो. वरून छाटलं की तो शाबूत राहतो आणि एका खोडाच्या जागी सहा खोडं येतात. कोयत्याने छाटून मोकळी केलेली टेकडी म्हणजे पुढच्या वर्षी जास्त दाट होणारी टेकडी.

दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक पद्धत बसवली. कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून, मुळं वर करून, उलटं ठेवायचं. डोळे असलेला भाग झुडपाबरोबरच बाहेर येतो आणि उन्हात सुकतो. खाली उरलेल्या मुळाला फुटायला जागा राहत नाही.

प्रत्यक्षात हे दोघांचं काम आहे. एकाने लांब बांबूने फांद्या वर उचलून धरायच्या. दुसऱ्याने वाकून बुंध्याभोवतालची माती खुरप्याने बाजूला करायची आणि मग कुदळीचा किंवा टिकावाचा तिरका घाव मुळावर घालायचा. नवीन आलेली मुलं उत्साहाने बुंध्यावरच घाव घालत सुटतात, तेव्हा पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या शेजारी एक जाणतं माणूस हवं. सगळं मूळ खणून काढायच्या मागे लागू नका. पावसाळ्यात सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारी ही टेकडी आहे. उकरलेली माती पहिल्याच झडीत गटारात जाते, आणि उकरल्यामुळे खाली झोपलेलं बी उजेडात येऊन उगवतं.

उलटं ठेवणं विसरू नका. घाणेरीची फांदी ओल्या मातीला टेकली की तिथे मुळं धरते. छाटलेल्या फांद्यांचा ढीग पावसात मातीवर पडून राहिला तर त्या ढिगातूनच नवीन जाळी तयार होते. म्हणून हे काम पाऊस परतल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून करायचं. माती अजून मऊ असते, कुदळ सहज जाते आणि झुडपाला सुकायला सात महिने मिळतात. फेब्रुवारीनंतर मुरूम इतका कडक होतो की मुळापर्यंत पोचायच्या आत माणूस थकतो. मार्चपासून बुलबुल आणि इतर छोटे पक्षी या जाळ्यांत घरटी करतात, तेव्हा मोठी कापणी थांबवलेलीच बरी.

खडकाच्या फटीत रुतलेल्या बुंध्यांवर ही पद्धत चालत नाही. पहारीनेही ते हलत नाहीत. अशा बुंध्यांशेजारी रंगीत चिंधी बांधलेली काठी रोवा, बुंधा शक्य तेवढा खाली कापा आणि पावसाळाभर दोन-तीन आठवड्यांनी जाऊन नवे कोंब हाताने मोडा. पानं धरू दिली नाहीत तर मुळातला साठा संपत जातो. काही बुंधे एका पावसात मरतात, काहींना दोन लागतात. काठी नसेल तर ऑगस्टच्या गवतात तो बुंधा तुम्हाला सापडणार नाही.

जाळीत हात घालण्याआधी बांबूने ती हलवा. घोणस, नाग, मण्यार, तिघांनाही अशी सावली आवडते. गमबूट आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही पुढे सोडू नका, आणि १०८ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

सुबाभूळ आणि गिरीपुष्प

सुबाभूळ एकेकाळी चारा, सरपण आणि झटपट हिरवाई म्हणून देशभर लावली गेली, आणि मुंबईच्या टेकड्यांवर गिरीपुष्प. फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी भरलेले उतार बघून लोक फोटो काढतात, ते बहुतेक गिरीपुष्पाचे असतात. दोन्ही झाडं तोडली की बुंध्यातून जोमाने फुटतात. गिरीपुष्पाची ओली काठी जमिनीत खोचली तरी जगते. त्यामुळे त्याच्या फांद्यांचं कुंपण किंवा रोपांना आधाराच्या काठ्या करू नका.

परवानगी मिळून झाड तोडलं गेलंच, तर उरलेल्या बुंध्याची साल जमिनीपर्यंत सोलून काढा आणि फुटवे येतील तसे मोडत राहा. परवानगी मिळायला वेळ लागतो. तोवर सुबाभळीच्या शेंगा हिरव्या असतानाच तोडा, हे काम बागेतल्या मुलांनाही जमतं. तिचं बी टणक कवचाचं असतं आणि मातीत दहा वर्षांहून जास्त टिकू शकतं. मोठं झाड उभं ठेवून खालची पिल्लं उपटत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं.

बुंध्यावर मीठ, रॉकेल किंवा तणनाशक ओता असं कुणी सांगेल. ऐकू नका. मुलं आणि कुत्री फिरतात ती बाग आहे, आणि उतारावरचं पाणी शेवटी एखाद्या नाल्यात, तलावात किंवा खाडीत जातं.

बीतून येत असेल तर

मातीत साठलेलं बी एका वर्षात संपत नाही. ते उगवणारच. उगवलं म्हणजे तुमचं काम फसलं असं समजू नका. फक्त ते रोप फुलावर येता कामा नये. घाणेरीचं बीतून आलेलं रोप पहिल्या पावसाळ्यात वीतभर असताना दोन बोटांनी निघतं. पुढच्या वर्षी त्यालाच कुदळ लागते.

मोसमी पाऊस मुंबईत सरासरीने ११ जूनच्या सुमारास येतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एक निंदणी, ऑगस्टच्या शेवटी दुसरी आणि पाऊस परतताना तिसरी, एवढं धरून चला. रानमोडीसाठी चौथी फेरी नोव्हेंबरात. ती थंडीत फुलते आणि तिचं केसाळ बी वाऱ्यावर उडत सगळ्या टेकडीभर जातं. तिची मुळं उथळ असतात, ओल असेपर्यंत अख्खं रोप हातात येतं. जानेवारीत तिला हलवणं म्हणजे आपल्याच हाताने बी पेरणं.

पहिल्या फेरीत मात्र फार घाई नको. पहिल्या पावसात याच मातीतून शेवळं, फोडशी, कुर्डू, कंटोळीचे वेल वर येतात. शहरात वाढलेल्या स्वयंसेवकाला सगळं हिरवं तणच वाटतं. आरेच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांतून रानभाजी विकायला येणाऱ्या मावशींना हे प्रत्येक पान ओळखता येतं. त्यांना मान देऊन, दिवसाचा मोबदला देऊन एक फेरी उतारावर आणा. कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या सकाळी जास्त कळतं.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. आपल्याकडे ते १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज ओलावा मिळेल तिथे वर्षभर उगवतं. एका रोपाला १५ ते २५ हजार बिया येऊ शकतात. अंगावर चट्टे उठणाऱ्या किंवा दमा असलेल्या माणसाला या कामापासून दूर ठेवा. बाकीच्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि फुलं यायच्या आत मुळासकट उपटायचं. पावसात त्याच्या पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगेरे दिसले तर तो भाग तसाच ठेवा. ते याच झाडावर जगतात, आणि म्हणूनच १९८० च्या दशकात मुद्दाम भारतात आणले गेले.

बाहेरून येत असेल तर

तारेखालची, कुंपणाकडची रोपं दरवर्षी येणार. शेजारच्या डोंगरावर घाणेरी आहे तोवर बुलबुल बी आणत राहतील. बसायच्या अशा जागा नकाशावर खुणा करून ठेवा, प्रत्येक निंदणीत आधी तिथे जा. मातीबद्दल मात्र आग्रही राहा. झाडं लावायला लाल माती आणि खत येतं तेव्हा ट्रक रिकामा होण्याआधी उद्यान खात्याच्या माळीकाकांबरोबर बसून ठरवा की ढीग एका कोपऱ्यात, फरशीवर उतरवायचा, पाणी मारून दोन-तीन आठवडे ठेवायचा, उगवेल ते उपटायचं आणि मगच वापरायचं. माळीकाका हे मनावर घेतात, कारण नंतरचं निंदण त्यांच्याच पाठीवर येतं.

जागा मोकळी सोडली असेल तर

वरचं सगळं नीट करूनही घाणेरी परतत असेल, तर तुम्ही तिच्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे. तिला ऊन लागतं. स्वच्छ, उघडा, लाल मातीचा उतार फोटोत सुंदर दिसतो, पण उगवायला तिला त्याच्याहून चांगली जागा मिळत नाही. या कामात माझा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. जेवढ्या जागेवर पहिल्या पावसात काहीतरी पेरता येईल तेवढीच जागा त्या हिवाळ्यात मोकळी करा.

आणि ती आडव्या पट्ट्यांत करा. एक पट्टा काढा, त्याच्या खालचा ठेवा. काढलेली झुडपं पूर्ण सुकली, त्यावर पिकलेलं फळ नाही याची खात्री झाली, की ती उताराला आडवी रचून ठेवा. पाण्याचा जोर मोडतो आणि वाहून येणारी माती त्यामागे अडते. पिकलेली फळं असतील तर आधी ताडपत्रीवर झाडून गोळा करा आणि झुडपापासून वेगळी ठेवा. पेटवू तर मुळीच नका. आगीत गवत आणि देशी रोपं मरतात, घाणेरी बुंध्यातून पुन्हा उठते.

पेरायचं काय? आधी गवत, मग झुडूप, शेवटी झाड. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. वड, पिंपळ, बकुळ लावले जातात, दोन रोपांत दहा फूट अंतर असतं आणि त्या अंतरात घाणेरी वाढते. तुमच्याच टेकडीवर जिथे गवत चांगलं आहे तिथलं बी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिकतं. ते झोडपून कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवा आणि जूनच्या सुरुवातीला पट्ट्यावर फेका. खालच्या वाटेच्या कडेला, गाजर गवताच्या जागी, टाकळ्याचं बी मे महिन्यातच टाका. टाकळा दाट वाढतो आणि गाजर गवताला वर येऊ देत नाही. त्याची कोवळी पानं लोक भाजीला नेतील. नेऊ द्या, फक्त काही रोपं बी धरेपर्यंत राखा.

झुडपं निवडायला राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर एक फेरी मारा आणि तुमच्यासारख्याच उतारावर तिथे काय आपोआप वाढलंय ते बघा. करवंद, कुडा, धायटी, मुरुडशेंग, दिंडा, निर्गुडी, आणि सावलीच्या बाजूला कारवी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, म्हणून लोक ती लावायला कचरतात. पण तिची दाट जाळी खालची माती जशी धरून ठेवते तसं दुसरं काही या उतारावर धरत नाही. पळस, पांगारा, शिवण, आसाणा ही झाडं त्यानंतर, अधूनमधून.

फुलपाखरांचं काय?

हा प्रश्न प्रत्येक मोहिमेत कुणीतरी विचारतं, आणि तो रास्त आहे. घाणेरीवर फुलपाखरं येतात, मध पितात. पण अंडी घालायला, अळ्या वाढवायला त्यांना दुसरी झाडं लागतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. आपल्याकडे माकडलिंबू त्याच कुळातलं. पिवळी छोटी ग्रास यलो फुलपाखरं टाकळ्यावर वाढतात. जाळी एका फटक्यात उडवली तर मात्र मध आणि आसरा दोन्ही एकदम जातात, म्हणूनही पट्टे हवेत. धायटीला आणि दिंड्याला फुलं येऊ लागली की शेजारचा पट्टा काढायला मन कचरत नाही.

माणसांचं वेळापत्रक

५ जूनला, पर्यावरण दिनाला, कंपन्यांचे आणि शाळांचे गट झाडं लावायला येतात. त्यांचं मनापासून स्वागत करा, पण त्यांना सांगा की आम्हाला तुम्ही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हवे आहात. गणपतीच्या धावपळीत ही दुसरी निंदणी हमखास बुडते, आणि बुडाली की पुढचा हिवाळा कुदळ चालवण्यात जातो. ज्यांना वाकवत नाही अशा आजी-आजोबांना बी निवडायला, पिशव्या भरायला, काठ्यांना चिंध्या बांधायला बसवा. बागेत रोज सकाळी फिरायला येणारी हीच माणसं असतात, आणि एखादा कोंब फुटला की आधी त्यांनाच दिसतो.

नवा पट्टा कधी उघडायचा याची आमची खूण अशी. काढलेल्या पट्ट्यावर दुसऱ्या डिसेंबरात जायचं. चिंधीच्या काठ्यांजवळ एकही हिरवा कोंब नसेल, गवताने माती झाकली असेल आणि उरलेली रोपं दोघांना एका सकाळी हाताने उपटता येत असतील, तर शेजारचा पट्टा उघडा. तसं नसेल तर तो हिवाळा जुन्याच पट्ट्यावर घालवा.